पट्टा मिळालेला कैदी
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कर्ज फुगले की आपल्याला ऐकवतात, तुमची मेहनत कमी पडते. मेहनत कमी न पडलेल्या एका शेतकऱ्याचा माग आम्ही काढला. माणूस पार ऑस्ट्रेलियातला.

जेम्स रूस, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचा शेतमजूर. १७८२ मध्ये घरफोडीसाठी सात वर्षे हद्दपारी झाली. जानेवारी १७८८ मध्ये कैद्यांच्या पहिल्या ताफ्यातून तो सिडनीला उतरला. वसाहतीत दाण्याची टंचाई. जहाजावरून आणलेली गुरे त्याच वर्षी रानात पळाली. (सापडली १७९५ मध्ये, चांगला मोठा कळप होऊन!) म्हणजे बैल नाही, नांगर नाही, शेणखत नाही.

१७८९ मध्ये शिक्षा सरल्यावर गव्हर्नर फिलिपने त्याला परामट्टाला दीड एकर साफ केलेली जमीन, बियाणे आणि अवजारे दिली. एक कुटुंब किती दिवसांत पायावर उभे राहते, हे सरकारला बघायचे होते. जमीन मूळची बुरामट्टागल लोकांची. त्यांना कोणी विचारले नाही.

रूसने तोडलेली झाडे जाळून राख मातीत घातली. रोज थोडीच जमीन, पण कुदळीने नीट खणायची. सरकारी शेतासारखी वरवर खरवडायची नाही. ढेकळे फोडली, तण गाडले, जमीन उन्हात तापू दिली, पेरणीच्या तोंडावर पुन्हा उलथली. काड खड्ड्यात कुजवून खत करायचा बेत होता. आम्ही कृषी महाविद्यालयात याहून वेगळे काय शिकलो? मदतीला बायको, एलिझाबेथ पेरी, तीही कैदी. ती कष्टाळू आहे हे त्याने एका अधिकाऱ्याला सांगितले आणि त्याने लिहून ठेवले, म्हणून कळले. नाहीतर बाईचे कष्ट कोण नोंदवतो?

फेब्रुवारी १७९१ मध्ये रूसने कळवले, सरकारी शिधा आता नको. त्याला ३० एकर मिळाले, वसाहतीतला पहिला पट्टा. शाळेच्या पुस्तकात घालावी अशी गोष्ट.

पुढचे ऐका. १७९३ मध्ये ती जमीन त्याने सर्जन जॉन हॅरिस याला ४० पौंडांना विकली आणि हॉक्सबरी नदीकाठी गेला. जमीन गाळाची, पण पुराची. जहाजाचा माल लष्करी अधिकारी घाऊक उचलत आणि शेतकऱ्याच्या गळ्यात चढ्या भावाने मारत. रूस कर्जात गेला. १८२८ च्या शिरगणतीत तो दुसऱ्याच्या जमिनीवर मुकादम आहे. १८३७ मध्ये वारला.

४० पौंडांच्या त्या जमिनीवर हॅरिसने पुढे घर बांधले. ते आजही जपून ठेवले आहे.