कमी फिरलेली जुनी गाडी घ्यावी का?

(ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी मांडलेले विचार)



पापड-मसाला बाजाराला न्यायला आपण जुनी गाडी बघतोय. गाडी 12 वर्षांची आहे, पण विकणारा म्हणतो, "फक्त 28 हजार किलोमीटर फिरलीये, नवीच समजा." ऐकून आपण सगळ्याच खूश झालो, मीसुद्धा. घरी जाऊन हिशोब केला. महिन्याला दोनशे किलोमीटरपण पडत नाहीत! म्हणजे एकतर गाडी बहुतेक उभीच होती, नाहीतर काटा मागे फिरवलाय.

समजा, आकडा खरा आहे. तरी उभ्या गाडीचं वय थांबत नाही. शिलाई मशीन वर्षभर झाकून ठेवली की तेल सुकतं, चाक जड फिरतं, तसंच हे. रबरी पाइप आणि पट्टे तडकतात, बॅटरी उतरते, ब्रेक गंजतात. माझ्या काकांनी अशीच गाडी घेतली. दुसऱ्याच महिन्यात घाटात पाण्याचा पाइप फुटला, इंजिन तापून बंद पडलं. त्यापेक्षा जास्त फिरलेली, पण वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी बरी.

मग बघायचं काय?

सर्व्हिसच्या जुन्या पावत्या मागा. त्यावर तारीख आणि किलोमीटर असतात, ते काट्याशी जुळवा. पेडलचं रबर झिजलेलं आणि काटा 28 हजार, तर शंका घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. 2318 म्हणजे 2018 सालचा 23वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी रबर जुनं असू शकतं.

आरसी बुक बघा. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे तपासणी करून 5 वर्षांसाठी वाढवावी लागते. म्हणजे या गाडीला तीनच वर्षं उरलीत. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो आधी उतरवून घ्यायचा.

तायांनो, गाडी बंद पडली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि तो आपल्या सगळ्यांच्या बचतीतून जातो. म्हणून माझं म्हणणं, आज इसार देऊ नका. दोघीजणी ओळखीचा मेकॅनिक घेऊन सकाळी जाऊ, इंजिन थंड असताना. तो सांगेल तो दुरुस्तीचा खर्च किमतीतून कमी करून मागू. नाही म्हणाला, तर दुसरी गाडी बघू.

पटत असेल तर तसा ठराव लिहूया.