बळीप्रथा आणि करुणेचा विचार



सोळाव्या शतकात मेक्सिकोतील नरबळीच्या वार्ता युरोपात पोहोचल्या आणि तेथील विद्वानांत मोठा विचारकलह निर्माण झाला. १५५०-५१ साली स्पेनमधील वायादोलिद येथे, सम्राट पाचव्या चार्ल्सच्या आज्ञेने, दोन पक्ष समोरासमोर आले. निरपराधांना बळीपासून वाचविण्यासाठी त्या लोकांशी युद्ध करणे न्याय्य आहे, असे सेपुल्वेदा या पंडिताचे मत होते. धर्मगुरू बार्तोलोमे दे लास कासास यांनी त्याचा प्रतिवाद केला. प्राचीन ग्रीक, रोमन, इतकेच नव्हे तर स्पेनचे पूर्वजही नरबळी देत असत, याचे त्यांनी स्मरण दिले. ईश्वराला सर्वांत मोलाचे तेच अर्पावे, या भावनेतून ही प्रथा उद्भवली, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी बळीचे समर्थन केले नाही. ही प्रथा तलवारीने नव्हे, शांत उपदेशाने सुटावी, असा त्यांचा आग्रह होता. युद्धात त्याहून कितीतरी अधिक निरपराध मारले जातात, हे त्यांनी निक्षून सांगितले. परीक्षकांचा एकमुखी निर्णय कधीच लागला नाही. तथापि, हिंसा थांबविण्यास निघालेल्याने आपल्या हातून घडणाऱ्या हिंसेचाही हिशेब मांडला पाहिजे, हा त्या वादाचा बोध आजही तितकाच मननीय आहे.