नाव, पत आणि महाजालावरील ओळख

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या तरुणांनी उद्योग-नोकरीच्या क्षेत्रात पुढे जाण्यासाठी महाजालावर स्वतःची ओळख कशी उभी करावी, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली. विषय ऐकताच काही वृद्ध सभासदांच्या कपाळाला आठी पडलेली येथून दिसते आहे. त्यांचे म्हणणे आम्ही जाणतो. आपल्या तोंडाने आपले गुण गाऊ नयेत हा आपल्या घरांतला जुना संस्कार आहे आणि तो सोडून द्यावा असे सांगण्यासाठी आम्ही उभे राहिलेलो नाही. परंतु आत्मस्तुती वेगळी आणि केलेल्या कामाची खरी नोंद चारचौघांना दिसेल अशी ठेवणे वेगळे. पहिली गोष्ट आपल्या वाडवडिलांनी टाळली. दुसरी त्यांनी कधीच टाळली नाही.

आज ज्याला 'पर्सनल ब्रँड' म्हणतात, त्यातील ब्रँड हा शब्द मूळचा डागण्याचा आहे. गुरे कोणाच्या मालकीची हे कळावे म्हणून त्यांना तापल्या लोखंडाने डागीत, त्यावरून तो आला. पुढे तो मालावर गेला, आणि १९९७ साली टॉम पीटर्स या अमेरिकन लेखकाने 'फास्ट कंपनी' मासिकात असे प्रतिपादन केले की, यापुढे प्रत्येक नोकरदार माणूस म्हणजे एक स्वतंत्र मार्का होय. त्या लेखातील अमेरिकन उत्साह आम्हांस फारसा मानवत नाही. माणूस म्हणजे साबणाची वडी नव्हे. पण आपल्या भाषेत यापेक्षा सरस शब्द आहे, तो म्हणजे पत. अमुक पेढीचे सोने म्हणजे कसाला लावण्याची गरज नाही, असे ज्याच्याविषयी गाव म्हणे, त्याची पत होती. ती जाहिरातीने आलेली नसे. तीस-चाळीस वर्षे एकाच आळीत बसून, घेतलेला डाग वेळेवर आणि पुऱ्या वजनाचा परत केल्याने ती येत असे.

अडचण अशी की, ती आळीच आता उरलेली नाही. आपल्यातील कित्येक कारागीर आज मुंबईच्या निर्यात कारखान्यांतून कामाला आहेत; त्यांची मुले पुण्याच्या हिंजवडीत संगणकासमोर बसतात, मुली रुग्णालयांतून, बँकांतून, महाविद्यालयांतून काम करतात, आणि काही कुटुंबे दुबई-न्यू जर्सीपर्यंत पोचली आहेत. ज्याला माणूस नेमायचा आहे त्याने आपली आळी पाहिलेली नाही. तो प्रथम नाव महाजालावर शोधतो. आपल्याच धंद्याचे उदाहरण घ्या. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यासोबत सहा अंकाक्षरांची विशिष्ट ओळखखूणही दागिन्यावर असावी लागते. गिऱ्हाईक दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर ती खूण तपासते. पेढीची पाटी कितीही जुनी असो, खूण पडताळता आली पाहिजे. माणसांच्या बाबतीतही आज हेच घडत आहे.

या कामासाठी जगभर सर्वांत अधिक वापरले जाणारे स्थळ लिंक्डइन हे होय. डिसेंबर २००२ मध्ये त्याची स्थापना झाली, मे २००३ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते २६ अब्ज डॉलरहून अधिक किंमतीस घेण्याचे जाहीर केले. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांसाठी गिटहब आहे, रेखाटनकारांसाठी बीहान्स आहे. ही नावे तरुणांना ठाऊकच आहेत. ती येथे घेतली ती पालकांसाठी, की मुलगी रात्री मोबाइलवर काय करते आहे हे विचारताना त्यांनी आधी नीट पाहावे.

आता ज्या मुद्द्यावर आम्हांस विशेष बोलावयाचे आहे त्याकडे येतो. आपल्याकडे नोकरीचा प्रश्न निघाला की पहिला विचार येतो तो 'आपला माणूस' कोण आहे याचा. मामाचे साडू अमुक कंपनीत आहेत, त्यांना शब्द टाकू. संस्थेच्या चिटणिसांकडेही वर्षभर अशाच चिठ्ठ्या येतात. आता पाहा, मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या एका उपनगरातील ज्या लोकांना ओळखीतून नोकरी मिळाली होती, त्यांना त्याने विचारले की, तो ओळखीचा माणूस तुम्हांस कितीदा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून नोकरी कळलेले लोक सहांपैकी केवळ एक निघाले. उरलेल्यांना ती कळली क्वचित किंवा अधूनमधून भेटणाऱ्यांकडून: जुना सहकारी, शिक्षणाच्या काळातील दूरचा स्नेही, अशांकडून. कारण सरळ आहे. मामाला जे ठाऊक आहे ते आपल्याला आधीच ठाऊक असते. तो आपल्याच वर्तुळात फिरतो. दूरचा माणूस दुसऱ्या वर्तुळातली बातमी आणतो.

हा निष्कर्ष पुढे तपासलाही गेला. लिंक्डइनवरील दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांतील व्यवहारावरून केलेला एक अभ्यास २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. त्या काळात सुमारे सहा लाख नोकऱ्या बदलल्या गेल्या होत्या. निकटच्या ओळखींपेक्षा बेताच्या, मध्यम विरळ ओळखी नोकरी मिळवून देण्यात अधिक उपयोगी पडतात, असे त्यात दिसून आले. अगदीच परका माणूसही फारसा कामाचा नाही, हेही तितकेच खरे.

मग ज्ञातिसंस्थेचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, संस्थेतही निकटचे आणि दूरचे असे दोन्ही असतात. आज याच मंडपात असे शेकडो लोक आहेत की जे एकमेकांना वर्षातून एकदाच पाहतात. नाशिकचा औषधनिर्माता आणि कोल्हापूरची अभियंता यांचे नाते काय? काहीच नाही, पंक्तीला शेजारी बसले इतकेच. ती ओळख आज संध्याकाळी लिंक्डइनवर जोडून ठेवावी. मात्र आपली सर्व जोडणी ज्ञातीतच राहिली तर आळी पुन्हा तयार होईल, फक्त मोबाइलमध्ये. सोबत शिकलेले, सोबत काम केलेले, परिषदेत भेटलेले अन्य समाजांतील लोक त्यात भरपूर असावेत. विनंती पाठविताना कोठे भेटलो याच्या दोन ओळी लिहाव्या. पहिल्याच निरोपात नोकरी मागू नये. सोयरीक ठरण्यापूर्वी मानपानाची यादी काढावी, तसे ते दिसते.

प्रत्यक्ष नोंदीविषयी आता थोडे सांगतो. प्रारंभ नावापासून. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव असा क्रम असतो. परदेशी यंत्रणा पहिल्या शब्दाला नाव व शेवटच्याला आडनाव समजते, आणि मुलाला सारे कार्यालय त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागते. रोमन लिपीतील वर्णरचनाही एकाच घरात तीन तऱ्हांची आढळते. पदवीपत्र, पारपत्र आणि महाजालावरील नाव यांत एकच क्रम व एकच वर्णरचना असावी. मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट आहे. लग्नाने नाव बदलले की आधीच्या दहा वर्षांचे काम दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे होते. शक्य असेल तर व्यावसायिक नाव बदलूच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि सासरच्या मंडळींनी त्याचा मान-अपमान करू नये. बदललेच तर लिंक्डइनवर पूर्वीचे नाव नोंदविण्याची जागा आहे. संशोधन करणाऱ्या मुलींनी ऑर्किड हा सोळा स्थानांचा ओळखक्रमांक अवश्य घ्यावा. २०१२ पासून तो उपलब्ध आहे, विनामूल्य आहे, आणि नाव बदलले तरी निबंध कोणाचा हे बदलत नाही.

नावाखालील ओळ ही दुसरी महत्त्वाची जागा. तेथे दोनशेवीस अक्षरे मावतात. 'प्रामाणिक, मेहनती, संधीच्या शोधात' असे आपली मुले लिहितात. अप्रामाणिक व आळशी असे कोणीच लिहीत नाही, म्हणून या शब्दांना वजन नाही. त्याऐवजी 'दागिन्यांचे संगणकीय रेखाटन. मेणाच्या साच्यावरील ओतकामाचा चार वर्षांचा अनुभव' असे लिहिले, की ज्याला तो माणूस हवा आहे त्याला तो सापडतो. पुढे सविस्तर लिहितानाही हेच धोरण ठेवावे: काय काम हाती घेतले, अडचण कोणती होती, कशी सोडविली, वाचले किती किंवा वाढले किती. वधूवर-सूचीतील परिचयपत्र आणि हे पत्र एक नव्हे. उंची, रास, गोत्र आणि 'घरची परिस्थिती उत्तम' या गोष्टी येथे नकोत. (वधूपक्ष आता स्थळ पाहताना लिंक्डइनही पाहतो, म्हणून खोटा हुद्दा लिहिणाऱ्याला दुहेरी धोका आहे.) आपल्यासंबंधी वरिष्ठांनी किंवा गिऱ्हाइकांनी स्वतः लिहिलेले दोन परिच्छेद आपल्या दहा परिच्छेदांहून मोलाचे. आणि यंत्राकडून लिहून घेतलेला गुळगुळीत मजकूर तर मुळीच नको. २०२२ च्या अखेरीस ती सोय सर्वांच्या हाती आली, तेव्हापासून सर्वांचे लेखन एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसू लागले आहे. सोन्याचा मुलामा आपल्याला तरी ओळखता यावा.

कारागीर व रेखाटनकार मुलांना एक इशारा. आपल्या नक्षीची छायाचित्रे महाजालावर मांडावी हे खरे, परंतु नोकरीत असताना केलेली रेखाटने, वेगळा करार नसेल तर, सामान्यतः मालकाची असतात; त्याची लेखी परवानगी घ्यावी. नक्षी स्वतःचीच असेल तर अधिकच सांभाळावे. २००० सालच्या रेखांकन कायद्याप्रमाणे, नोंदणीचा अर्ज करण्याआधी जी रचना लोकांपुढे प्रसिद्ध झाली तिची नोंदणी होत नाही. चार लोकांची वाहवा मिळविण्याच्या घाईत हक्क गमावला जातो. आधी अर्ज, मग छायाचित्र.

आता एक नाजूक गोष्ट. आमच्या संस्थेतील पद लिंक्डइनवर लिहावे का, असे दोघातिघांनी विचारले. आमचे मत असे की, पद लिहिण्यापेक्षा काम लिहावे. 'शंभर विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज तपासले' या वाक्याने माणसाची ओळख होते. ज्ञातीच्या नावाने फक्त ज्ञातीची होते. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठविण्यात आले, आणि दलित व मुस्लिम नावांच्या अर्जदारांना पुढचे बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. आडनाव वाचले जाते, ही गोष्ट लपविण्यासारखी नाही. आपल्यातील अनेक बांधव आज निवड करण्याच्या खुर्चीवर बसले आहेत. आपला मुलगा घ्या, अशी चिठ्ठी त्यांच्याकडे पाठविणे संस्थेने बंद करावे, असा ठराव आम्ही पुढील सभेत मांडणार आहोत. विरोध होणार हे गृहीत धरूनच मांडणार आहोत.

धोक्यांविषयी थोडक्यात. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका कंपनीतील जनसंपर्क अधिकारी बाईंनी लंडनहून केपटाउनच्या विमानात चढण्यापूर्वी ट्विटरवर एक हीन विनोद टाकला. त्यांचे वाचक दोनशेही नव्हते. विमान उतरेपर्यंत तो जगभर पसरला आणि त्यांची नोकरी गेली. तेव्हा रागाच्या भरात जुन्या मालकाविषयी, किंवा निवडणुकीच्या धुळवडीत कोणाविषयीही, लिहिण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. दुसरा धोका भामट्यांचा. आपली नोंद पाहूनच ते आपल्या शिक्षणाला साजेशी नोकरी देऊ करतात आणि नोंदणीशुल्क मागतात. नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो तो नोकरी देणारा नव्हे. जन्मतारीख, आधार क्रमांक, घरचा पत्ता महाजालावर नको. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. जितका उशीर तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

आपली भोजने आटोपल्यावर दुपारी तीन ते पाच या वेळात मागील दालनात आपले काही तरुण सभासद संगणक घेऊन बसणार आहेत. ज्यांची नोंद नाही त्यांची ती करून देतील, ज्यांची आहे त्यांची तपासतील. येताना पदवीपत्र व पारपत्रावरील नाव लिहून आणावे, साध्या पार्श्वभूमीवरील एक छायाचित्र आणावे (लग्नातील फेट्याचे चालणार नाही), आणि मोबाइल भरलेला असावा. मुलींसाठी पहिला तास राखून ठेवला आहे. वडील मंडळींनीही यावे. चाळीस वर्षे मूस आणि फुंकणी हाताळलेल्या माणसाच्या कामाची नोंद कोठेच नाही, ती करण्यास मुलांना प्रथम वेळ द्यावा, अशी आम्ही त्यांस विनंती केली आहे. अध्यक्षमहाराजांच्या अनुज्ञेने आम्ही आपली जागा घेतो.