मंडळांनी वारसा जपायचं सोडावं

मंडळी, आणि विशेषतः सुरत, पुणे, नाशिक, कल्याणहून अखाजीच्या निमित्ताने वरणगावात आलेल्या पाहुण्यांनो,

अध्यक्षाने आधी सर्वांचे आभार मानावेत, मग आपली पात्रता नसल्याचं सांगावं आणि शेवटी सगळ्यांना बरं वाटेल असं काहीतरी बोलून खाली बसावं, अशी आपल्याकडे रीत आहे. आभार संयोजकांनी मानून झाले आहेत, पात्रतेचा निकाल तुम्ही लावालच. तिसरी गोष्ट मात्र माझ्याकडून होणार नाही. बाहेरगावी गेलेल्या खान्देशी माणसांनी आपली बोली आणि संस्कृती जपली, असं आपण प्रत्येक मेळाव्यात एकमेकांना सांगत असतो. माझं म्हणणं असं की त्यांनी ती जपलेली नाही. त्यांना ती जपता येण्यासारखीही नव्हती. आणि तो भार त्यांच्या खांद्यावर ठेवून इथे राहिलेले आपण सगळे मोकळे झालो आहोत.

आधी मंडळं काय करतात ते पाहू. खान्देशातून सर्वांत मोठी माणसांची रीघ लागली ती सुरतेकडे. तापीच्या काठाकाठाने जाणारी ताप्ती व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास जळगावला सुरतेशी जोडून गेली होती. पुढे कापडाचे माग वाढले, इकडे पाऊस रुसत गेला आणि त्या रुळांवरून गावंच्या गावं उतरली. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत आज खान्देशी आडनावांची कमतरता नाही. तिथला खान्देशी माणूस नुसता टिकला नाही, वर चढला: जळगाव जिल्ह्यातल्या पिंप्री अकराऊतला जन्मलेले सी. आर. पाटील २०२० मध्ये गुजरातच्या सत्ताधारी पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथे कानबाई बसते, रोट होतात, मिरवणुका निघतात. पुण्यात हिवाळा आला की भरीत पार्ट्या होतात. वधू-वर मेळावे होतात, गुणवंतांचे सत्कार होतात, स्मरणिका निघतात. हे सारं चांगलंच आहे. परक्या शहरात माणसाला माणूस लागतो. खोली मिळवून द्यायला, दवाखान्यात रात्री बसायला, मुलीचं लग्न जमवायला मंडळ लागतं, आणि त्या कामाला मी कधीही नाव ठेवणार नाही. माझा वाद आहे तो या कामाच्या पाटीवर ‘वारसा जतन’ असं लिहिण्याशी. स्मरणिका उघडून बघा. जाहिराती, शुभेच्छा, पदाधिकाऱ्यांचे फोटो, उपवर मुलामुलींची माहिती. आणि हे सगळं कोणत्या भाषेत? पुस्तकी मराठीत, थोड्या इंग्रजीत. ज्या बोलीच्या नावाने वर्गणी गोळा होते, तिची चार पानं सलग सापडली तर नशीब.

कोणी म्हणेल, हा दोष आपल्या मंडळांचा असेल, इतरांनी करून दाखवलंच की. म्हणून जरा लांब जाऊ. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचं बेट आहे. लोकसंख्या सुमारे ८४ हजार, म्हणजे आपल्या भुसावळ शहराच्या निम्मीही नाही. एकोणिसाव्या शतकात तिथले शेतकरी आणि कोळी अमेरिकेत गेले. ओहायोमधल्या क्लीव्हलँडच्या आसपास त्यांची मोठी वस्ती झाली. १८५१ मध्ये त्यांनी तिथे आजारी माणसांना आणि विधवांना मदत करणारी संस्था काढली. १९११ मध्ये जगभरच्या मँक्स लोकांची, म्हणजे मूळच्या या बेटवासीयांची, संघटना झाली, १९२८ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या मँक्स वंशजांची. अधिवेशनं झाली, सहली झाल्या, जेवणावळी झाल्या, वंशावळी छापल्या गेल्या. संघटनेच्या बाबतीत ते आपल्या दहा पावलं पुढे होते. आणि भाषेचं काय झालं? १९०१ च्या जनगणनेत बेटावर तिथली मँक्स भाषा बोलणारे ४,४१९ लोक होते, १९६१ मध्ये १६५ उरले, आणि २७ डिसेंबर १९७४ ला नेड मॅड्रेल नावाचा म्हातारा कोळी वारला तेव्हा ती मातृभाषा म्हणून बोलणारा शेवटचा माणूस गेला. ज्या दशकांत परदेशातल्या मंडळांची भरभराट होत होती, त्याच दशकांत मूळ गावी भाषा मरत होती. त्यांनी ती मारली असं मी म्हणत नाही. ते ती वाचवू शकले नाहीत, कारण ज्या घरांत पोरांशी ती बोलायला हवी होती ती घरं बेटावर होती, क्लीव्हलँडमध्ये नव्हती.

खरं शिकण्यासारखं आहे ते पुढे. आज त्या बेटावर मँक्स येणारी मुलं आहेत. २०११ च्या जनगणनेत १,८२३ लोकांनी आपल्याला ती थोडीफार येते असं नोंदवलं. ही माणसं आली कुठून? १९४०-५० च्या दशकांत काही तरुण शेवटच्या म्हाताऱ्यांच्या दारात जाऊन बसत, ऐकत, लिहून घेत. १९४८ मध्ये आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने यंत्रं पाठवून त्या म्हाताऱ्यांचे आवाज मुद्रित केले. त्या मुद्रणांवरून पुढची पिढी शिकली. २००१ मध्ये सगळं शिक्षण मँक्समधून देणारी प्राथमिक शाळा बेटावर सुरू झाली. २००९ मध्ये युनेस्कोने ही भाषा नामशेष झाली असं जाहीर केलं, तेव्हा त्या शाळेतल्या मुलांनी पत्रं लिहून विचारलं की ती मेली असेल तर आम्ही ही पत्रं कोणत्या भाषेत लिहितो आहोत. युनेस्कोला नोंद बदलावी लागली. यातलं कुठलंही काम सहलीत किंवा जेवणावळीत झालेलं नाही.

मॉरिशसचं उदाहरण आपल्या भाषणांत नेहमी येतं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून तिथे मजूर गेले. तिथल्या मराठी कुटुंबांनी गणेशोत्सव टिकवला, कोकणातली जाखडी झाकरी या नावाने टिकवली, सरकारकडून शाळांत मराठीचे तासही मिळवले. त्या चिकाटीला माझा नमस्कार. पण घरात, स्वयंपाकघरात, भांडणात आणि लाडात त्यांची भाषा क्रिओल आहे. सण समुद्र ओलांडून गेला, बोलणं दोन-तीन पिढ्यांत विरून गेलं. यात लाजण्यासारखं काही नाही, असंच होत असतं.

असंच होत असतं हे आपल्याला इथे कोणी शिकवण्याची गरज नाही, कारण या मांडवातले निम्मे लोक स्वतःच स्थलांतरितांचे वंशज आहेत. लेवा पाटीदारांचे पूर्वज गुजरातेतून खान्देशात आले, गुजरांच्याही अशाच कथा आहेत. त्यांनी इथे गुजराती जतन मंडळ काढलं नाही. इथल्या काळ्या जमिनीत नांगर घातला, इथल्या माणसांशी व्यवहार केले, आणि त्यातून लेवा गणबोली तयार झाली, जिच्यात मागचं थोडं आहे आणि इथलं पुष्कळ. तेव्हा डिंडोलीतल्या खान्देशी पोराच्या तोंडी गुजराती आली म्हणून छाती बडवणाऱ्यांना मी विचारतो: तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनी काय केलं होतं? तो पोरगा वंशाचा द्रोह करत नाही, वंशाची रीतच पाळतो आहे. त्याला कार्यक्रमापुरतं धोतर नेसवून, पाठ केलेली चार वाक्यं म्हणायला लावून आपण त्याचं काही भलं करत नाही आणि बोलीचंही नाही. सुरतेतली बोली पातळ होणं हा निसर्ग आहे. वरणगावात, फैजपुरात, आसोद्यात ती पातळ होणं ही मात्र आपली करणी आहे.

आकडे बघा. जनगणनेत ‘खान्देशी’ या नावाखाली अहिराणी आणि तिच्या बहिणींची नोंद होते. १९९१ मध्ये ती दहा लाखांच्या आत होती, २००१ मध्ये सुमारे २०.७५ लाख झाली, २०११ मध्ये पुन्हा घसरून सुमारे १८.६ लाखांवर आली. दहा वर्षांत दुप्पट आणि पुढच्या दहा वर्षांत दोन लाख कमी, अशा उड्या जन्म-मृत्यूने पडत नाहीत. दारात आलेल्या शिक्षकाला माणूस आपली भाषा कोणती सांगतो, आणि तो शिक्षक काय लिहितो, यावर त्या पडतात. म्हणजे हा आकडा बोलणाऱ्यांच्या संख्येइतकाच बोलणाऱ्यांच्या हिमतीचाही आहे. आणि आपल्या लेवा गणबोलीचं, तावडी बोलीचं तर त्या तक्त्यात वेगळं नावही नाही, आपण मराठीच्या कोटीत मिसळून गेलेलो. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ मध्ये खान्देशीला स्वतंत्र जागा दिली होती. एका परक्या अधिकाऱ्याने शंभर वर्षांपूर्वी जे मान्य केलं ते आपण आपल्या घरात मान्य करायला तयार नाही. पोरगं ‘केळी’ला ‘केयी’ म्हणालं की आई त्याला पाहुण्यांसमोर दटावते, शाळेत त्याला हसतात. रावेर-यावलच्या केळीवर आपली घरं उभी राहिली, आणि ती पिकवणाऱ्याचा उच्चार आपल्याला गावंढळ वाटतो!

यावर मला ठरलेले आक्षेप ऐकू येणार. पहिला आक्षेप, बोली म्हणजे बिघडलेली मराठी. बोलीला स्वतःचं व्याकरण असतं, ध्वनींचे स्वतःचे नियम असतात. ज्याला ते पटत नाही त्याने डॉ. रमेश सूर्यवंशी यांचं अहिराणीवरचं काम उघडावं किंवा भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड चाळावा. दुसरा आक्षेप, बोलीचा आग्रह धरला तर मराठी दुबळी होईल, आत्ता कुठे २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जा मिळाला आहे. अभिजातपणाचा दावा ज्या जुन्या रूपांवर उभा राहिला, त्यांच्या खुणा शहरी मराठीने केव्हाच पुसल्या, त्या सापडतात बोलींत. आपल्या उपनद्या आटवून तापीला पाणी वाढेल असं म्हणणारा माणूस पाटबंधारे खात्यातही मिळणार नाही. तिसरा आक्षेप पोटाचा आहे आणि तो मी गांभीर्याने घेतो: मुलगा बोलीत अडकला तर नोकरीत मागे पडेल. पण मँक्स शाळेतली मुलं इंग्रजीत मागे पडली नाहीत. घरात बोली, शाळेत मराठी, पुढे इंग्रजी, हा जिना आपल्याकडच्या किती तरी डॉक्टर-इंजिनियरांनी चढला आहे. इथल्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत देशभरातली माणसं आली. तिथली पोरं दोन-तीन भाषा सहज बोलतात आणि त्यांचं डोकं जड झाल्याचं कोणी ऐकलेलं नाही. मागे पडतो तो एकही भाषा धड न येणारा.

आणखी एक आक्षेप तरुणांचा आहे: साहेब, बोली मरते कुठे? मोबाइलवर अहिराणी गाणी लाखो लोक बघतात. बघतात, आणि मालेगावच्या कलावंतांनी पैशावाचून चित्रपट काढून जे केलं त्याचं मला कौतुकच आहे; त्यांनी बोलीला लाजू नका हे कुठल्याही ठरावापेक्षा जास्त लोकांना शिकवलं. पण लग्नात वाजणाऱ्या गाण्यात शब्द किती असतात? विहिरीवरची मोट गेली तशी नाडा, सोंदूर, धाव, थारोळं ही सगळी भाषाही गेली. पेरणी, आजारपण, बाळंतपण, उसनवारी, कोर्टकचेरी या सगळ्यासाठी बोलीत जे बोलणं आहे ते ढोलाच्या ठेक्यावर मावत नाही. ते माहीत असलेली माणसं ऐंशीच्या पुढची आहेत, आणि ती या मांडवात नाहीत. घरी बसलेली आहेत.

आपल्याकडे या कामाचा नमुना नाही असं कोणी म्हणू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या घरात, शेतात, जात्यावर गात गेल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ते ऐकून उतरवून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. नंतर ती वही मुंबईत आचार्य अत्र्यांपुढे गेली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. जे उतरवलं गेलं तेवढंच उरलं. बाकीचं, आणि ते थोडं नसणार, वाऱ्यावर गेलं. या हकिकतीत बाहेरगावच्या माणसाची जागाही नेमकी दिसते. वही मोठ्या शहरात पोहोचवायला, छापायला, जगापुढे ठेवायला तो हवाच होता. पण वही भरली गेली घरात.

म्हणून पाहुण्यांनो, तुमच्याकडे माझी मागणी रोखठोक आहे. तुमची मंडळं मदतीची मंडळं म्हणून चालवा, खुशाल भरीत खा, कानबाईची मिरवणूक काढा, आणि वारसा जपतो असं म्हणणं बंद करा. त्या नावाने जमणारा पैसा इकडे पाठवा. त्यातून वरणगाव आणि आसपासच्या दर गावात दोन-दोन मुलामुलींना मानधन द्या. त्यांनी वर्षभर गावातल्या वृद्ध बायाबापड्यांचं बोलणं मुद्रित करायचं. नुसती गाणी नकोत, शेतीचं, औषधाचं, भांडणाचं, दुष्काळाचं बोलणंही हवं. ध्वनिफितींची एक प्रत गावच्या वाचनालयात, एक कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात. आणि गावकऱ्यांनो, तुम्हाला पैसा द्यायचा नाही, त्याहून कठीण काम आहे: उद्यापासून नातवंडांशी बोलीत बोला आणि शाळेत त्यांना कोणी हसलं तर मुख्याध्यापकांना जाऊन भेटा. हा मी ठराव म्हणून मांडतो आहे. अनुमोदन देणाऱ्याने टाळ्या वाजवू नयेत, गावाचं नाव आणि कामाला लागणाऱ्या दोन तरुणांची नावं खाली टेबलावर ठेवलेल्या वहीत लिहावीत आणि मगच जेवायला जावं.