घरधन्याचं दुखणं आणि गटाचं कर्ज

सूर्यमाळहून आम्ही बचत गटाच्या ताई बोलतोय. हातातलं काम चालू राहू द्या, नागली निवडता निवडता ऐका. आजचा विषय गटाच्या बैठकीत कुणी काढत नाही. पण त्यापायी घरातला पैसा जातो आणि घरातलं सुखही जातं, म्हणून आज बोलायचं ठरवलं.

आमच्या एका गटातल्या ताईने पाच हजारांचं कर्ज घेतलं. कारण लिहिलं होतं भाताचं बियाणं आणि खत. दोन हप्ते आले, मग थकले. बायका कुजबुजायला लागल्या. आम्ही तिच्या घरी गेलो, तेव्हा ती पडवीत बसून रडली. म्हणाली, "ताई, बियाणं आणलंच नाही. वीटभट्टीवर होतो तेव्हापासून यांना कमजोरी आलीय. बाजारात तंबूवाल्याने जडीबुटी दिली, तिलाच सगळे पैसे गेले. गुण काही नाही. हे वेगळे निजतात, पिऊन येतात. सासू म्हणते, खोट माझ्यातच आहे."

तिला विचारूनच हे सांगतोय. नाव, पाडा सांगणार नाही. आणि खरं सांगायचं तर अशी ती एकटी नाही.

पहिली गोष्ट, यात बाईची खोट नसते आणि पुरुषाचा कमीपणाही नसतो. संबंधाच्या वेळी लिंगात रक्त भरतं आणि तिथेच थांबतं, म्हणून ताठपणा येतो आणि टिकतो. साखरेचा आजार, रक्तदाब, बिडी-तंबाखू आणि दारू यांनी रक्ताच्या नळ्या आणि नसा खराब होतात. काळजी, कर्ज, थकवा यांनीही फरक पडतो. धातू गेला म्हणून ताकद गेली, ही भीती मात्र खोटी आहे. याच भीतीवर तंबूवाल्यांचा धंदा चालतो.

दुसरी गोष्ट व्यायामाची. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, झोळीसारखे स्नायू असतात. लघवी आणि वारा आपण त्यांच्याच जोरावर रोखतो. पुरुषाच्या लिंगात भरलेलं रक्त थांबवून ठेवायलाही त्यांची मदत होते. १९४८ साली अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगल यांनी बाळंतपणानंतर लघवी निसटणाऱ्या बायकांसाठी हा व्यायाम मांडला. म्हणजे मूळचा तो आपल्यासाठीच! आपल्याकडच्या योगातली अश्विनी मुद्रा आणि मूलबंध याच जातीचे. पुढे ब्रिटनमध्ये ५५ पुरुषांवर याचा अभ्यास झाला, तो २००५ साली छापून आला. व्यायाम आणि राहणीतला बदल, दोन्ही मिळून सहा महिन्यांनी दहातल्या साधारण चौघांची तक्रार गेली. आणखी तीन-चार जणांना बरं वाटलं. बाकीच्यांना उपयोग झाला नाही. म्हणजे ही जादू नाही, पण फुकट आहे.

आता कसा करायचा ते ऐका. लघवी करून यावं. पाठीवर निजून गुडघे वर घ्यावेत. वारा रोखतो तसं मागचं द्वार आवळावं आणि लघवी थांबवतो तसं पुढूनही आत ओढावं. बरोबर जमलं तर लिंग मुळाशी जरासं आत जातं, गोट्या किंचित वर उचलल्या जातात. पोट, मांड्या, ढुंगण आवळायचं नाही. श्वास रोखायचा नाही. तीन ते पाच आकडे मोजेपर्यंत धरावं, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडावं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जावं. जमायला लागलं की बसून, उभ्यानेही करता येतो, शेजारच्याला कळतही नाही. लघवी चालू असताना रोज थांबवून सराव करू नये. दुखलं तर थांबावं. फरक दिसायला तीन महिने तरी लागतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. तक्रार टिकून राहिली तर डॉक्टरांना दाखवायचंच. लिंगाच्या नळ्या बारीक असतात, म्हणून हृदयाच्या दुखण्याची चाहूल कधी कधी आधी तिथे लागते. तीस वर्षांवरच्या माणसाची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. पुढे मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय आहे, जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय आहे. दुकानातून गपचूप गोळी आणू नका. छातीच्या दुखण्याच्या काही औषधांबरोबर ती घेतली तर जिवावर बेततं.

लाज वाटते, हे आम्हालाही ठाऊक आहे. हे बोलतानाही आम्ही दोनदा पाणी प्यायलो. पण मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि कामजीवनावर उघड लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, तरी शेवटपर्यंत त्यांनी मासिक चालवलं. आपल्याला तर फक्त आपल्या घरधन्याशी बोलायचंय. भांडणात नको, चारचौघांत नको. रात्री निवांत म्हणा, "तुम्हाला दोष देत नाही. दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ."

त्या ताईच्या घरी हेच झालं. तपासणीत साखर वाढलेली निघाली. औषध सुरू झालं, दारू कमी झाली, व्यायाम दोघंही करतात. पूर्वीसारखं झालं का, हे आम्ही विचारलं नाही, ते त्यांचं त्यांनी बघावं. गटाने तिचे हप्ते लहान करून दिले आणि ती ते भरतेय. आणि गटाने एक ठराव केला : दवाखान्यासाठी कर्ज मागणारीला कुठलं दुखणं, हे चारचौघींत विचारायचं नाही. कारण नुसतं 'औषधपाणी' लिहिलं तरी चालेल.

तुमच्या गटातही असा ठराव करून बघा. येतो आम्ही. नमस्कार.