आंतरजालावरील नियमपालन



गावाला शीव असते. आंतरजालाला ती नाही. संदेश लिहिणारा एका देशात, तो साठविणारे यंत्र दुसऱ्या देशात आणि वाचणारा तिसऱ्याच. मग कायदा कोणाचा चालावा? भारताने २००० साली माहिती तंत्रज्ञान अधिनियम केला. परंतु त्यात मागाहून घातलेले ६६-अ हे कलम मोघम ठरले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ते रद्द केले. नियम सैल सोडावा तर अफवा माजतात. आवळावा तर बोलण्याचे स्वातंत्र्य गुदमरते.

या अफवांचे मोल भयंकर असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडण्याची मर्यादा जाहीर केली. तथापि मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. म्हणून तिला वेग रोखता आला, असत्य नव्हे.

असत्य रोखावयाचे ते संदेश पुढे धाडणाऱ्या हातानेच. ‘हे कोणी सांगितले? केव्हा? कशावरून?’ हे तीन प्रश्न वर्गात नित्य विचारले जावेत. चौथीतील मूल तेच प्रश्न घरी वडीलधाऱ्यांस विचारील.