दुकानाची दुसरी किल्ली
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात हदगाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यापारावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. माझे आयुष्य खडू-फळ्याच्या सहवासात गेले. तथापि आपल्या समाजातील कितीतरी घरे किराणा, कापड, खते-बियाणे आणि आडत यांवर उभी आहेत, आणि त्या घरांतील मुले माझ्या हाताखाली शिकली. त्यांच्या दुकानी बसता-उठता जे दिसले, ते आपणांपुढे मांडावे अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर पूर्वी वही असे. आता तिच्या शेजारी संगणकालाही हळद-कुंकू लागते. ते योग्यच आहे, कारण खतावणी आता त्याच्या पोटात आहे. परंतु वही पळवावयाची तर चोराला दुकानात यावे लागे. संगणकातील वहीला कुलूप घालणारा चोर समुद्रापलीकडे बसलेला असतो.

आपल्याच तालुक्यातील एका खते-बियाण्यांच्या दुकानात ऐन पेरणीच्या दिवसांत हा प्रकार घडला. सकाळी संगणक उघडला तो पडद्यावर खंडणीची चिठ्ठी, आणि सर्व खाती बंद. सोयाबीन घरात येईपर्यंत उधारी चालवावयाची, ही आपली रीत; त्या उधारीचा सारा हिशेब त्या पेटीत. मालकांना शेतकऱ्यांच्या सचोटीवर विसंबावे लागले. बहुतेकांनी आपापली बाकी खरी सांगितली, ही या मातीची शोभा होय. पण ‘बहुतेक’ हा शब्द हिशेबात चालत नाही. हिशेबाची दुसरी प्रत ज्या तबकडीवर होती, ती अष्टौप्रहर त्याच संगणकाला जोडलेली होती. सबब तिलाही कुलूप पडले.

आता थोडे कटु बोलतो. संगणकाचे काम कोणास द्यावयाचे, हे आपण कसे ठरवितो? साडूचा मुलगा आहे, मामेभावाचा जावई आहे, ‘त्याला कॉम्प्युटरमधले कळते’, एवढ्यावर. मुनीम ठेवताना आपले आजोबा चार ठिकाणी चौकशी करीत; येथे मात्र तिजोरीची दुसरी किल्ली चहाच्या पेल्यावर दिली जाते. नाते ही मोठी गोष्ट आहे, हे मंडळच मुळी त्यावर उभे आहे. पण नाते म्हणजे लायकी नव्हे. शिवाय त्या मुलावरही हा अन्याय आहे. त्याला कोणी वेतन ठरवून देत नाही, रात्री दहाला बोलावतात, आणि बिघडले की दोष त्याचा. तो फुकटात काम भागवितो म्हणून चोरीची ‘क्रॅक’ केलेली प्रणाली बसवितो, आणि अशा प्रतीबरोबरच अनेकदा विषाणू घरात येतो. पुढे तो नोकरीस पुण्याला जातो, आणि जीएसटीच्या खात्याला जोडलेला मोबाईल क्रमांक व ई-मेल त्याचाच राहतो. सांकेतिक क्रमांक आला की मालकाने पुण्यास फोन करावयाचा!

माणूस आपला असो वा परका, करार वर्षाचा आणि लेखी असावा. बंद पडल्यास किती तासांत येणार, दर काय, कोणत्या कामाचे वेगळे पैसे, हे त्यात यावे. तो ज्यांचे काम पाहतो अशा दोन दुकानदारांना विचारावे. सर्व खाती, परवाने आणि पासवर्ड मालकाच्या नावे असावेत. त्यास कामापुरता वेगळा प्रवेश द्यावा व तो सोडून गेला की त्याच दिवशी बंद करावा. दुरून संगणक चालविण्याचे एनीडेस्कसारखे साधन असते. ते काम असेल तेव्हा उघडावे. कायमचा पासवर्ड लावून उघडे ठेवणे म्हणजे मागील दार लोटून झोपणे. आणि त्याला एकच परीक्षा द्यावयास सांगावी: “बाबा रे, कालचा हिशेब दुसऱ्या प्रतीवरून माझ्यासमोर परत उभा करून दाखव.” जो टाळाटाळ करील, त्याचे प्रमाणपत्र कितीही सोनेरी असो, त्याला नमस्कार करावा.

हे मोठ्यांनाही चुकत नाही. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. ते टर्मिनल मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या समूहाकडे होते. विषाणू कोठून आला? युक्रेनमधील एका लहानशा कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या यंत्रणेत शिरून तिच्याच सुधारित आवृत्तीच्या वाटेने तो ग्राहकांकडे पाठविला. मर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले. यातील एक गोष्ट मला फार बोधप्रद वाटते. कंपनीच्या साऱ्या जाळ्याची किल्ली ठेवणारे संगणक जगभर नष्ट झाले. त्यांतला घानामधील तेवढा एक वाचला, कारण त्या वेळी तेथे वीज गेली होती व तो जाळ्यापासून सुटलेला होता. भारनियमनाला आपण मराठवाड्यातले लोक नेहमी शिव्या देतो. घानाने त्याचे सार्थक केले!

अर्थात विजेच्या कृपेवर राहू नये. हिशेबाच्या तीन प्रती असाव्यात: एक संगणकात, एक सुट्या तबकडीवर, आणि एक दुकानाबाहेर, घरी किंवा क्लाउडमध्ये. सुटी तबकडी काम झाल्यावर काढून कपाटात ठेवावी. संध्याकाळी गल्ला मोजण्याच्या वेळीच हे केले तर विसर पडत नाही.

दुरुस्त्या वेळेवर बसविणे हेही असेच. मे २०१७ मध्ये ‘वॉन्नाक्राय’ नावाच्या विषाणूने दीडशेहून अधिक देशांत थैमान घातले. त्यावरील उतारा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी लावला नाही ते सापडले. विंडोज १० ला मिळणाऱ्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्याही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. आपल्या दुकानात कोणती प्रणाली आहे, हे घरी जाऊन पाहावे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण आपणांस ठाऊक असेल. १९०६ साली स्थापन झालेल्या या बँकेतून ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतून रक्कम काढली गेली. ११ तारीख दुसऱ्या शनिवारची, म्हणजे सुट्टीची होती. सण, लग्नसराई, सुट्टी ही चोराची पर्वणी असते, म्हणून दुकान बंद करताना संगणकही बंद करावा.

बाकीच्या लहानसहान युक्त्या भगिनींनीही ऐकाव्यात, कारण गल्ल्यावर दुपारी त्याच बसतात. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. मागणारा ठगच समजावा. ‘पैसे पाठविले’ असे गिऱ्हाइकाने आपल्या पडद्यावर दाखविले तरी आपल्या खात्यात जमा झाले का ते पाहावे. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नव्हे, फोनचा ताबा घेणारा कार्यक्रम असू शकतो. व्यापाऱ्याने ‘आमचे बँक खाते बदलले’ असे कळविले, तर जुन्या वहीतील क्रमांकावर फोन करून त्याच्याच तोंडून ऐकावे.

आणि फसवणूक झालीच, तर लाजू नका. आपल्या घरांत अब्रूच्या भीतीने दोन-दोन दिवस कोणास सांगत नाहीत, आणि तेवढ्यात पैसा चार खात्यांतून फिरून नाहीसा होतो. १९३० हा राष्ट्रीय क्रमांक तत्काळ फिरवावा, आपल्या बँकेस कळवावे आणि मग पोलीस ठाण्यात जावे. लवकर कळविल्यास रक्कम वाटेतच गोठविता येण्याचा संभव असतो. हा क्रमांक मी फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिला आहे. भोजनास जाण्यापूर्वी आपल्या फोनमध्ये तो टिपून घ्यावा. ज्यांना टिपता येत नाही त्यांच्यासाठी दारापाशी आपल्या महाविद्यालयीन मुलांना बसविले आहे.